गोंद उशिरा लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी समुपदेशक आहे. शाळा सुटल्यापासून चित्रकलेशी संबंध नाही. ज्यांना बोलणं जड जातं अशा लोकांबरोबर कोलाज करून बघा, असं एका कार्यशाळेत सांगितलं होतं. दोन गटांत करून पाहिलं. सगळ्यांनी छान छान चित्रं कापली, चिकटवली, वीस मिनिटांत आटोपलं आणि मग सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. पुढे काय करायचं ते मला सुचेना. माझं कुठे चुकतंय? आणि त्या चित्रांचा अर्थ लावायचा कसा?"

चुकतंय ते त्या वीस मिनिटांतच. तुम्ही मासिकं, कात्र्या, कागद आणि गोंद असं सगळं एकदम टेबलावर मांडलं असणार. गोंद समोर दिसला की माणूस चिकटवतो. एक चित्र कापलं, लावलं. दुसरं कापलं, लावलं. कागद भरला की काम संपलं. शाळेत आपण सगळ्यांनी तक्ते असेच केलेत, हाताला तीच सवय आहे. मीही सुरुवातीची दोन-तीन वर्षं गोंद पुढ्यातच ठेवायचे. आता तो कपाटात असतो आणि कोणी मागितल्याशिवाय बाहेर येत नाही. मागितला तरी देण्याआधी एकदा विचारते, "अजून काही हलवायचंय?" बहुतेक वेळा असतं.

कोलाजमध्ये उपचार म्हणून जे घडतं, त्यातलं बरंचसं कापणं आणि चिकटवणं यांच्या मधल्या वेळात घडतं. चित्र हातात आहे, कागदावर ठेवलंय, पण अजून पक्कं झालेलं नाही. ते सरकवता येतं, दुसऱ्याखाली दडवता येतं, उचलून परत खोक्यात टाकता येतं. आयुष्यातल्या गोष्टी अशा हलवून बघायला मिळत नाहीत, इथे मिळतात. तो वेळ तुमच्या गटाला मिळालाच नाही.

आधी हे बघू की चित्र न येणाऱ्या माणसाला कोलाज का जमतं. मोठ्या माणसापुढे कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली की तो पहिल्यांदा माफी मागतो, "मला चित्र येत नाही हो." लहानपणी कोणीतरी हसलेलं असतं, ते पन्नाशीतही हाताला आठवतं. कात्रणांपुढे ही माफी कोणी मागत नाही. चित्र आधीच काढलेलं आहे, छापलेलं आहे, आपण फक्त उचलायचं. चित्र दुसऱ्याचं, निवड आपली. शिवाय यात एक पळवाट आहे आणि ती फार मोलाची आहे. "ही बाई दमलेली दिसते," असं माणूस सहज म्हणतो. "मी दमलोय," हे म्हणायला त्याला कदाचित चार महिने लागतील. आणि तुम्ही नेट लावून विचारलंत तर "समोर होतं म्हणून घेतलं" म्हणायला तो मोकळा आहे. ही मोकळीक काढून घेऊ नका. तिच्याच भरवशावर त्याने ते चित्र उचललेलं असतं.

दुसरं कारण साहित्याच्या स्वभावात आहे. कला-उपचारात सँड्रा केगिन आणि विया लुसेब्रिंक यांनी 1978 साली एक आराखडा मांडला. हाताची हालचाल आणि स्पर्श, मग आकार आणि भावना, मग विचार आणि प्रतीकं, अशा पातळ्यांवर माणूस साहित्याशी वागतो आणि प्रत्येक साहित्य त्याला वेगळ्या पातळीकडे ओढतं, असं त्यांचं म्हणणं. ओला जलरंग पसरतो, हाताबाहेर जातो, भावना उसळवतो. कात्रण पसरत नाही. त्याला कडा असतात, ठेवलं तिथे ते राहतं. म्हणून जो माणूस आधीच भावनांनी काठोकाठ भरलेला आहे, त्याच्यासमोर मी रंग ठेवत नाही, कात्रणं ठेवते. उलट, जो माणूस सगळं डोक्यातच करतो, नीट वाक्यांत दुःख सांगतो आणि कोरडा राहतो, त्याच्यासाठी कोलाज कधीकधी लपायची जागा होते. तो कागदावर सुंदर, समतोल, निर्जीव तक्ता मांडतो. अशा वेळी मी कात्री काढून घेते आणि फाडायला सांगते.

फाडणं ही वेगळीच क्रिया आहे. फाडलेल्या कागदाला पांढरी, दातेरी कड येते, हवी तिथे तो फाटत नाही, आवाज होतो. काहींना त्या आवाजाचंच बरं वाटतं. काहींना तो सहन होत नाही, मग जबरदस्ती नको. याच्या दुसऱ्या टोकाला बारीक कापणारे असतात. एकेक पान, एकेक बोट कात्रीने सोडवत बसणारे. नवीन थेरपिस्टला वाटतं, हा वेळ फुकट चालला. मला तसं वाटत नाही. बारीक कापताना श्वास संथ होतो, खांदे उतरतात. ज्या माणसाला आठवडाभर झोप नाही, त्याने अर्धा तास नुसतं एक झाड कापलं तरी माझी हरकत नसते.

वैज्ञानिक आधार विचारला जातोच, म्हणून एक अभ्यास सांगते. 2016 साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 39 प्रौढांना 45 मिनिटं कोलाज, माती आणि मार्कर यांतलं हवं ते घेऊन हवं ते करू दिलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, मोजलं. सुमारे तीन-चतुर्थांश लोकांमध्ये ते कमी झालेलं आढळलं आणि पूर्वी कलेचा अनुभव होता की नव्हता याने फरक पडला नाही. एवढंच. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि हा 45 मिनिटांचा परिणाम आहे. याच्या जोरावर "कोलाजने नैराश्य बरं होतं" असं कोणाला सांगू नका. चित्र न येणाऱ्या माणसाला "तुलाही चालेल" म्हणण्यापुरता तो पुरेसा आहे.

आता साहित्य. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण निम्मं काम इथेच बिघडतं.

पूर्ण मासिक हातात दिलं की लोक वाचायला लागतात. खरंच. पंधरा मिनिटांनी बघावं तर एक जण गुडघेदुखीवरचा लेख वाचत असतो आणि दुसरी शब्दकोडं सोडवत असते. म्हणून मी पानं आधीच सुटी करून ठेवते, पण चित्र काठावरून कापून देत नाही. आजूबाजूला भरपूर जागा सोडून पान नुसतं फाडते. काय ठेवायचं आणि काय छाटायचं हा निर्णय त्या माणसाचा आहे, तो मी आधीच घेतला तर त्याच्याकडे उरलं काय? अपवाद दोन: कात्री ठेवता येत नाही असे वॉर्ड, आणि ज्यांची बोटं किंवा लक्ष साथ देत नाही अशी माणसं. त्यांच्यासाठी कापलेली चित्रं, ट्रेमध्ये एका वेळी वीस-पंचवीसच. शंभर चित्रांचा ढीग स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला नुसता गोंधळात पाडतो.

चित्रं कुठली? हेलन लँडगार्टन या अमेरिकी कला-उपचारतज्ज्ञांनी 1993 साली मासिकांतल्या छायाचित्रांच्या कोलाजवर पुस्तकच लिहिलं. दोन खोकी ठेवा, एकात माणसं, दुसऱ्यात इतर वस्तू, ही त्यांची पद्धत. माणसांच्या खोक्यात सगळ्या वयांची, वर्णांची, परिस्थितीची आणि मनःस्थितींची माणसं हवीत, हा त्यांचा आग्रह. तो किती बरोबर आहे हे खोकं भरायला बसलात की कळेल. जाहिरातीतला प्रत्येक माणूस हसतो. दात घासताना हसतो, कर्ज घेताना हसतो, गुडघ्याला मलम लावतानाही हसतो. नुकतंच मूल गमावलेल्या बाईने अशा ढिगातून काय उचलायचं? कंटाळलेले, वैतागलेले, रिकाम्या नजरेचे, पाठमोरे, म्हातारे, आजारी, अपंग चेहरे मुद्दाम शोधून जमवावे लागतात. बातम्यांच्या पुरवण्यांमध्ये मिळतात, छायाचित्रणाच्या मासिकांत मिळतात. मला दीडशे बरे चेहरे जमवायला वर्ष लागलं.

वस्तूंच्या खोक्यात माझ्याकडे बंद दारं, उघडी दारं, जिने, हत्यारं, यंत्रांचे सुटे भाग, पाणी, एकटे प्राणी आणि कळप, रिकाम्या खोल्या, नुसते हात असतात. शिवाय नुसते पोत: नकाशे, पाकिटांच्या आतली नक्षी, कापडांचे कॅटलॉग, भेटवस्तूंचे कागद. ज्याला कुठलंच चित्र नको असतं त्याला पोत चालतो. घोडे आणि सूर्यास्त मात्र कमी ठेवा. सूर्यास्त ढीगभर ठेवलेत तर सगळे सूर्यास्तच चिकटवतील, आणि त्यावर बोलण्यासारखं कोणाकडेच काही नसेल.

छापलेले शब्द मी सुरुवातीला देत नाही. यावर मतभेद आहेत, काही सहकारी पहिल्यापासून देतात. माझा अनुभव असा की शब्द मिळाले की माणूस "नवी सुरुवात", "स्वतःवर प्रेम करा" असे मथळे कापतो आणि घोषवाक्यांचा फलक तयार होतो. ध्येयांचे फलक वेगळे, त्यांना माझा विरोध नाही, पण आपण ते करायला बसलेलो नाही. शेवटच्या दहा मिनिटांत एक-दोन शब्द हवे असतील तर घ्यावेत. तोवर चित्रांनी आपलं म्हणणं मांडलेलं असतं आणि शब्द त्याच्या मागून येतो.

मासिकाच्या पानाला मागची बाजू असते, हेही विसरू नका. इकडचं चित्र कापलं की तिकडचं तुटतं. लोक पान उलटसुलट करत बसतात, कुठलं सोडू, कुठलं घेऊ. मी मधे पडून तोडगा सुचवत नाही, दुसरी प्रतही शोधून देत नाही. पण याच मागच्या बाजूने मला एकदा चांगलं तोंडावर पाडलंय. सोळा वर्षांचा मुलगा, बोलायचा जवळजवळ नाहीच. बैठक संपल्यावर त्याच्या टेबलावर तीन पानं पडलेली, आणि त्यांवरच्या माणसांची डोकी गोल कापून काढलेली. मी नोंदवहीत स्वतःची ओळख, राग वगैरे दीड पान लिहून काढलं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, "त्याला विचारलंस?" पुढच्या आठवड्यात विचारलं. तो म्हणाला, "मागे गाड्या होत्या. मला चाकं हवी होती." त्याच्या कागदावर अकरा चाकं होती आणि एकही गाडी नव्हती. ते मी धड पाहिलंही नव्हतं, मी कचऱ्याचा अर्थ लावण्यात गुंतले होते.

बैठकीला दीड तास घ्या. एक तास ओढूनताणून पुरतो, वीस मिनिटं कधीच नाही. पहिली दहा मिनिटं आठवडा कसा गेला वगैरे. मग निवड. सूचना देताना "आवडेल ते चित्र घ्या" म्हणू नका. "ज्या चित्रापाशी हात थांबेल ते घ्या, आवडो न आवडो," असं म्हणा. या एका वाक्याने सूर्यास्त निम्म्याने कमी होतात. विषय द्यायचाच असेल तर मोकळा द्या: "सध्या जिथे आहे ती जागा", "मी सोबत घेऊन फिरतो ते". "तुमचं दुःख दाखवा" असला थेट विषय दिलात की लोक अश्रू आणि मेणबत्त्या शोधतात. या वेळात तुम्ही गप्प बसायचं. बघायचं नाही असं नाही, पण डोळे लावूनही बसायचं नाही. मी स्वतः बाजूला बसून पुढच्या बैठकीसाठी पानं सुटी करत असते, हाताला काम असलं की तोंड बंद राहतं.

मग मांडणी. गोंद नाही. मोठा कागद, त्यावर चित्रं ठेवून बघायची. साधारण दहा मिनिटांनी मी म्हणते, "यातली दोन काढून बाजूला ठेवा." काढताना जे होतं ते निवडताना होत नाही. पुढे वाटलं तर परत घ्यायची मुभा असते. कोणाचा कागद अगदी अस्ताव्यस्त होत असेल तर कागदाऐवजी बुटाच्या खोक्याचं झाकण द्या. झाकणाला चारी बाजूंनी काठ असतो, त्या काठाने माणूस सावरतो. हे का होतं ते मला नीट सांगता येणार नाही, पण इतक्या वेळा पाहिलंय की माझ्या कपाटात अशी बारा झाकणं कायम असतात.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पन्नाशीच्या एक बाई. आईचं लांबलेलं आजारपण त्यांनी एकटीने काढलं होतं, आई जाऊन आठ महिने झाले होते. घरगुती सामानाच्या कॅटलॉगमधून त्यांनी इस्त्रीचं टेबल उचललं. वर निळं कापड, खाली कैचीसारखे दुमडणारे पाय. ते इतक्या निगुतीने कापलं की दोन पायांच्या मधला पांढरा त्रिकोणसुद्धा कात्रीच्या टोकाने काढून टाकला. मग त्याला जागा मिळेना. आधी मधोमध ठेवलं. तिथून वरच्या कोपऱ्यात. मग एका झाडाखाली, मग कागदाबाहेर टेबलावर, मग परत आत. माझ्या डोक्यात एव्हाना "घरकाम", "राबणं" असे शब्द रांगेत उभे होते, आणि त्या चाकवाल्या मुलाची कृपा म्हणून मी ते गिळले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "एवढंच उंच होतं."

"काय?"

"पलंग. तो वर-खाली होणारा आणला होता ना भाड्याने, तो याच उंचीवर अडकला होता. रोज वाकून वाकून माझी पाठ गेली. मी चिडायचे. पलंगावर नाही हो, तिच्यावर."

मग त्यांनी गोंद मागितला आणि ते टेबल कागदाच्या मागच्या बाजूला चिकटवलं. पुढे झाड, खिडकी आणि पाणी तसंच राहिलं. "पुढची बाजू लोक बघतात," म्हणाल्या. गोंद पहिल्यापासून समोर असता तर ते टेबल पहिल्याच मिनिटात मधोमध चिकटलं असतं, आणि "इस्त्री करायला मला आवडतं" असं काहीतरी बोलून आम्ही दोघी उठलो असतो. तीन बैठकांनंतर त्यांनी फाइलमधून तो कागद काढला तो उलटाच ठेवला, मागची बाजू वर, आणि तिथे काम सुरू केलं.

हलवून बघण्याची ही गोष्ट उपचारवाल्यांनी शोधलेली नाही. फ्रेंच चित्रकार आंरी मातिसला 1941 साली पोटाच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर अंथरूण आणि चाकांच्या खुर्चीतून चित्रफलकापुढे उभं राहणं होईना, तेव्हा त्याने कात्री उचलली. मदतनीस कागद रंगवून द्यायचे, तो कापायचा, आणि ते आकार भिंतीवर टाचण्यांनी लावले जायचे. चिकटवायचे नाहीत, टाचायचे. त्याच्या सांगण्यावरून ते सरकायचे, खाली यायचे, परत चढायचे. काही मांडण्या भिंतीवर कितीतरी दिवस तशाच बदलत राहिल्या. त्याच्याही आधी, 18व्या शतकात, मेरी डिलेनी या इंग्रज बाईंनी वयाच्या 72व्या वर्षी कागद कापून फुलं करायला सुरुवात केली. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. दहा वर्षांत जवळजवळ हजार फुलं केली, नजर गेली तेव्हा थांबल्या. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. 'आर्ट थेरपी' हा शब्द एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने क्षयरोगातून उठताना 1942च्या सुमारास रूढ केला, म्हणजे डिलेनीबाईंच्या कितीतरी नंतर. त्यांना कोणी कसला उपचार सुचवला नव्हता.

चिकटवून झालं की कागद भिंतीवर लावा किंवा खुर्चीवर उभा करा, आणि दोघेही थोडं लांब, शेजारी शेजारी बसून तिकडे बघा. समोरासमोर बसून कागद मधे ठेवलात तर ती परीक्षा होते. शेजारी बसलं की दोघांची नजर चित्रावर असते आणि डोळ्यांत डोळे घालून बोलावं लागत नाही.

आता अर्थ. अर्थ तुम्ही लावायचा नाही, हे उत्तर तुम्हाला टाळाटाळीचं वाटेल, पण तसंच आहे. काळा म्हणजे दुःख, दार म्हणजे संधी, पाणी म्हणजे मन, असा कुठलाही कोश नाही. कोणी विकत असेल तर घेऊ नका. तुम्ही जे दिसतं ते सांगा, सपाट आवाजात: "ही होडी अर्धी कागदाबाहेर आहे." "या दोन माणसांच्या मधे बरीच जागा सुटलीय." आणि थांबा. शांतता पाच-सात सेकंदांची झाली की आपल्याला ती मिनिटाची वाटते, तरी थांबा. विचारायचंच तर: "यात तुम्ही कुठून शिरलात?" "कशाला जागा मिळाली नाही?" "एक गोष्ट हलवता आली असती तर?" "का" ने सुरू होणारा प्रश्न टाळा. "हे का घेतलं?" म्हटलं की माणूस आरोपीसारखा बाजू मांडायला लागतो. शेवटी नाव द्यायला सांगा आणि ते कागदाच्या मागे, तारखेसह, त्याच्याच हाताने लिहून घ्या. नाव पुष्कळदा चित्रापेक्षा जास्त बोलतं. कधी ते नुसतं "सोमवार" असतं, तेही चालतं.

काही ठिकाणी कोलाज नको, किंवा जपून. ज्याला मासिकातले चेहरे आपल्याशी बोलतायत असं वाटतंय, त्याच्यापुढे चेहऱ्यांचं खोकं ठेवू नका. खाण्याच्या विकारांशी झगडणाऱ्या मुलींसमोर फॅशनची मासिकं ठेवणं म्हणजे जखमेवर मीठ. त्या विषयावर काम करायची वेळ येते, पण ती तुमच्या पहिल्या वर्षात नाही. नुकताच हिंसाचार भोगलेल्या माणसासाठी खोकी आधी स्वतः चाळा आणि रक्त, शस्त्रं, अपघात काढून ठेवा. घरचे फोटो वापरायचे असतील तर फक्त प्रती, त्याही दोन-दोन. रागाच्या भरात कापलेला मूळ फोटो परत जोडता येत नाही, आणि राग उतरल्यावर दोष तुमच्या कात्रीला लागतो.

बैठक संपायला दहा मिनिटं असताना काही जड वर आलं तर ते उकरू नका, झाका. ट्रेसिंग पेपरची पट्टी वरच्या कडेने चिकटवून त्या चित्रावर झडप करून द्या. चित्र पुसट दिसत राहतं, पण उघडायचं कधी ते त्या माणसाच्या हातात राहतं. काही झडपा मी पाच-सहा महिन्यांनी उघडलेल्या पाहिल्यात, एक अजून बंद आहे.

तुमच्या स्वतःच्या मर्यादेबद्दलही बोलायला हवं. तुम्ही समुपदेशक आहात, कला-उपचाराचं शिक्षण घेतलेलं नाही. कोलाज जरूर वापरा, पण त्याला "आर्ट थेरपी" म्हणू नका, "आपण चित्रांच्या मदतीने बोलू" म्हणा. कोलाजवरून निदान करू नका. आणि या कामातल्या कोणाकडे तरी महिन्यातून एकदा जाऊन केलेलं काम दाखवा, फोटो नव्हे तर तुमच्या नोंदी. फोटो लेखी परवानगीशिवाय काढायचे नाहीत, आणि परवानगी मिळाली तरी समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत. "किती सुंदर झालंय" ही प्रतिक्रिया एकदा का मिळाली, की पुढचं कोलाज त्या प्रतिक्रियेसाठी होतं.

मोबाइलवरचं कोलाज बरेच जण विचारतात. हात थरथरणाऱ्यांना, अंथरुणाला खिळलेल्यांना ते वरदान आहे. बाकीच्यांना मी कागदच देते. पडद्यावर कधीही मागे जाता येतं, त्यामुळे "आता लावतो" असं ठरवण्याचा क्षण येतच नाही.

पुढच्या गटाआधी एक कोलाज स्वतः करा. दीड तास, दार बंद, गोंद दुसऱ्या खोलीत. तुमचा हात कुठल्या चित्रापाशी थांबतो आणि ते ठेवायला तुम्ही किती वेळ टाळता, ते बघा. उरलेली कात्रणं टाकू नका. पाकिटात घाला, वर तारीख लिहा. गटातल्या प्रत्येकालाही असं एकेक पाकीट द्या. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला लोक खोक्याकडे जाण्याआधी आपलं पाकीट उघडतात.